सव्वीस मेची हवा

चौतीस वर्षांच्या नोकरीत कुमुद येरणेंनी वहीत लाखभर तरी आकडे लिहिले असतील. त्यातला एकच खोटा होता.

पवनाळ्याची वेधशाळा म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. गावाबाहेर, रक्षक-भरतीच्या मैदानाला लागून, तारेचं कुंपण घातलेला गवताचा एक तुकडा. मधोमध चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी लाकडी पेटी आणि पेटीत शेजारी शेजारी दोन तापमापक. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळलेली. कोरडा सांगायचा, हवा किती तापली आहे. ओला सांगायचा, त्या हवेत माणसाचा घाम वाळेल की नाही. घाम वाळला तर अंग निवतं. पण हवेतच ओल गच्च भरली असेल तर घाम नुसता ओघळत राहतो, अंगातली उष्णता अंगातच कोंडते आणि धावणारं माणूस आतून शिजायला लागतं. असे बरेच बळी गेल्यावर नियम झाला होता, की सकाळी साडेआठला ओला पारा अठ्ठावीसच्या वर असेल तर त्या दिवशीची मैदानी चाचणी रद्द.

२०३१ सालच्या सव्वीस मेला महिला रक्षकांची भरती होती. आदल्या संध्याकाळी अवेळी सर पडून गेली होती आणि सकाळी हवा अंगाला चिकटत होती. कुमुदताईंनी साडेआठला पेटी उघडली. कोरडा पस्तीस पूर्णांक दोन. ओला तीस पूर्णांक चार. त्यांनी पट्टी बोटांनी चाचपली. ओली होती. खालच्या वाटीत पाणी होतं. पुन्हा वाचलं. तीस पूर्णांक चार.

तेवढ्यात मैदानावरून भरतीच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, आकडा?"

"तीसच्या वर आहे, साहेब."

साहेब म्हणाले, "पट्टी वाळली असेल, मॅडम. नीट बघा. अकराशे पोरी पहाटे चारपासून बसल्यात. आज रद्द झालं तर पुढची भरती दोन वर्षांनी. निम्म्या जणींचं वय निघून जाईल. लेकरांचे तळतळाट घ्यायचे का आपण?"

धमकी नव्हती ती. साहेब जवळजवळ विनवत होते. कुमुदताईंनी कुंपणापलीकडे पाहिलं. छातीवर नंबर लावलेल्या पोरी एकमेकींच्या पोटऱ्या चोळत होत्या, हसत होत्या. एवढ्या जणींचं नशीब आपल्या एका आकड्यावर अडायला नको, असं त्यांना वाटलं. दया आली, हेच खरं. त्यांनी वहीत लिहिलं, सत्तावीस पूर्णांक सहा.

साडेनऊला धाव सुरू झाली. अकरा मुली कोसळल्या. दहा जणी उठल्या.

अकरावी आचल निकुरे. कुरुडपारची, एकवीस वर्षांची. रुग्णालयात नेली तेव्हा तिचं अंग बेचाळीस अंशांनी भाजत होतं. दुपारी सूर्य अगदी डोक्यावर आला, माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या, त्या वेळी ती गेली.

तिच्या बापाच्या, देवाजीच्या खिशात गोळ्यांचं एक पाकीट सापडलं. त्यातली एक गोळी काढलेली होती. दम टिकावा म्हणून त्या वेळी पोरी असल्या गोळ्या घ्यायच्या आणि त्यांनी काहींची हृदयं बंदही पडली होती. देवाजी शपथेवर सांगत राहिला, "काढली होती जी मी. पण भेव वाटलं. नालीत फेकली. पोरीले निस्तं मीठ-साखरेचं पानी पाजलं." हवा तर सरकारी वहीप्रमाणे ठीक होती. मग पोर मेली कशानं? कोणी त्याच्यावर खटला भरला नाही, पण त्याच्या बायकोनं, अंतकलानं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घर सोडलं.

कुमुदताई तेराव्याला गेल्या होत्या. खरं सांगायला गेल्या होत्या. दारात अंतकला त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली, की तोंडातले शब्द तोंडातच राहिले. "मले याच्या घरात नाही राहाचं, बाई," ती म्हणाली. कुमुदताईंनी तिला पवनाळ्याला आणलं, आपल्या घरामागची खोली दिली, शाळेत मदतनीस म्हणून लावून दिलं. कुमुदताईंचं लग्न झालेलं नव्हतं. घरात दुसरं माणूस नव्हतं. पहिलं वर्ष अंतकला मागच्या खोलीत जेवली. नंतर दोघी एका चुलीवर आल्या. एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसल्या, एकमेकींच्या केसांना मेंदी लावू लागल्या. सांगायचं राहिलं ते राहिलंच. दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं. अशी सोळा वर्षं गेली.

मग दिवस उभे करणारं यंत्र आलं.

त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण लोक म्हणायचे, 'दिवस उभा करतात तिथं.' त्यामागची कल्पना तशी सोपी होती. कुठलाही दिवस मागे खुणा सोडून जातो. त्या काळातल्या लाखो फोनांनी आपापल्या बॅटरीची उष्णता नोंदवलेली असते. उपग्रहांनी जमिनीची तापलेली चित्रं काढलेली असतात. लोकांनी काढलेल्या फोटोंत सावल्या असतात, आणि सावलीच्या लांबीवरून फोटो कुठल्या मिनिटाचा हे कळतं. झेंडा फडकतोय की लोंबतोय, धूर कुठे झुकलाय, कुठल्या वस्तीत किती कूलर चालू होते, हे सगळं यंत्रात भरायचं. हवेचे नियम ठाऊकच आहेत. यंत्र उलटा हिशेब मांडतं, की कुठल्या हवेत या सगळ्या खुणा एकाच वेळी खऱ्या ठरतील? आणि मग तो दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, हातभर जागेच्या अचूकतेनं पुन्हा उभा राहतो.

एकच गोष्ट त्याला नीट पकडता येत नसे. हवेतली ओल. ती फोटोत दिसत नाही, तिची सावली पडत नाही. तिच्यासाठी यंत्राला अजूनही कोणा माणसानं पेटी उघडून हातानं लिहिलेला आकडा लागायचा.

उष्म्यानं मेलेल्यांच्या नातेवाइकांना असा दिवस उभा करून मागण्याचा हक्क मिळाला, आणि देवाजीनं अर्ज केला.

एका रविवारी सकाळी दोन नोटिसा एकदमच आल्या. एक अंतकलाच्या नावानं, मृताची आई म्हणून. दुसरी कुमुदताईंच्या नावानं, त्या दिवशीची निरीक्षक म्हणून. अंतकला तांदूळ निवडत होती. तिनं दोन्ही वाचून घेतल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "सोळा वर्सं तो एकच गोष्ट घोकून राह्यला. आता मशीनच सांगन."

"अंतकला, राहू दे ना. कशाला जुनं उकरायचं?"

"तुमाले काहून भेव वाटते, बाई? तुमचा आकडा तर खरा हाये ना."

कुमुदताईंनी तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि खडे निवडायला सुरुवात केली.

केंद्र जिल्ह्याच्या गावी होतं. तिथला तज्ज्ञ तन्वीर काझी, तिशीतला, बोलायला मऊ. मोठ्या दालनाच्या एका भिंतीवर सव्वीस मे उभा होता. सूर्योदय पाच एकतीस, सूर्यास्त सहा त्रेचाळीस, तेरा तास बारा मिनिटांचा उजेड. तन्वीरनं दिवस साडेनऊवर आणून थांबवला. पांढुरकं आकाश, फक्कीच्या रेघा, आणि रांगेत आचल. सूर्य पूर्वेला बराच वर चढलेला, तिची सावली पश्चिमेला तिच्या उंचीहून आखूड पडलेली.

"आजी, ही सावली खरी आहे," तन्वीर अंतकलाला म्हणाला. "कोणाच्या तरी फोटोतून आलीय. त्या मिनिटाला ती नेमकी इथेच उभी होती."

अंतकला उठून भिंतीपाशी गेली आणि तिनं सावलीवर तळहात ठेवला. देवाजी दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. वाळून काटकुळा झालेला, धुतलेला सदरा घातलेला. सोळा वर्षांत नवराबायको पहिल्यांदाच एका छताखाली आले होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

तन्वीरनं कुमुदताईंना शेजारच्या खोलीत बोलावलं.

"मॅडम, एक अडचण आहे. मैदानावरची ही चित्रफीत बघा. पाण्याची स्टीलची टाकी. तिच्यावर बाहेरून दव साचलंय, दिसतंय? टँकरचं पाणी त्या दिवशी साधारण सत्तावीस अंशांचं होतं. तुमचा आकडा खरा धरला तर अशा पाण्याच्या टाकीवर दव धरणारच नाही. ते धरायला हवेत खूप जास्त ओल हवी. ओला पारा तीसच्या वर असावा लागतो."

तीसच्या वर. तन्वीरनं नेमका आकडा सोळा वर्षांपलीकडून उचलून टेबलावर ठेवला होता.

"यंत्राला दोन्ही खरं मानता येत नाही," तो पुढे म्हणाला. "एक माणसाची नोंद, एक टाकी. निरीक्षक हयात असेल तर त्याला विचारायचं, असा नियम आहे. तुम्ही नोंद पक्की आहे म्हणालात तर ती खुंटा धरून बाकी सगळं तिच्याभोवती बसवलं जाईल. चुकली असेल म्हणालात तर टाकीचं ऐकू. चूक झाली असेल तर सांगा, मॅडम. पट्टी वाळते, डोळा चुकतो. कोणी काही म्हणणार नाही."

डोळा चुकला, एवढंच म्हणायचं होतं. दार अर्धवट उघडं होतं. अंतकला अजून भिंतीपाशीच होती, पाठमोरी. कुमुदताईंना दिसलं, की ती आज संध्याकाळी मागच्या खोलीतली पेटी उचलेल आणि जाईल. आणि आपण उरलेली वर्षं एकट्याच ताटावर बसू.

"बर्फ होता टाकीत," त्या म्हणाल्या.

"बर्फ?"

"सकाळी लाद्या टाकल्या होत्या. मी कुंपणातून पाहिल्या. बर्फाच्या पाण्यावर दव धरणारच."

तन्वीरचा चेहरा मोकळा झाला. "मग प्रश्नच मिटला. हे आम्हाला कळायला मार्गच नव्हता." त्यानं निवेदन पुढे केलं. कुमुदताईंनी सही केली.

निकाल तासाभरात आला. तन्वीरनं तो हळू आवाजात वाचला. धावेच्या वेळी मैदानावरची हवा सुरक्षित मर्यादेत होती. मृत्यू हवेमुळे झाल्याची शक्यता शंभरात चार. बाकीच्या दहा जणी उपाशीपोटी धावल्यानं भोवळ येऊन पडल्या असाव्यात. आचलच्या बाबतीत बाह्य औषधाची शक्यता नाकारता येत नाही.

भिंतीवर आचल धावायच्या तयारीत उभी होती.

अंतकला देवाजीसमोर जाऊन उभी राहिली. "आता तरी बोल," ती म्हणाली. "एकडाव. सोळा वर्सांत एकडाव खरं बोल."

देवाजी भिंतीकडे बघत होता. "मी तर फेकली होती," तो पुटपुटला. "नालीत..." मग त्यानं तन्वीरला विचारलं, "साहेब, मशीन चुकत नाही ना जी?"

"शंभरात चारदा चुकू शकते, बाबा."

"चार." देवाजीनं मान हलवली. "मंग मीच देल्ली असन," तो म्हणाला. "देल्लीच असन मी. आठवत नसन मले."

अंतकलानं ऐकलं आणि ती कुमुदताईंकडे वळली. कुमुदताईंनी तिला जवळ घेतलं. ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "तुमी नसत्या, बाई, तर मले मरेलोक खरं समजलं नसतं."

त्यानंतर कुमुदताईंना जेवण जाईना. अंतकला मात्र बदलली. तिची झोप सुधारली. सोळा वर्षं मनात कुठेतरी शंका होती, की आपण निरपराध माणसाला टाकलं की काय, ती फिटली. ती शाळेतल्या बायांशी हसून बोलू लागली, गाणं गुणगुणू लागली. तिच्या तोंडून आलेली ती गुणगुण कुमुदताईंना बावीस दिवस सहन झाली. तेविसाव्या दिवशी दुपारी दोघी पापड वाळत घालत असताना त्या म्हणाल्या,

"अंतकला, तो आकडा खोटा होता. पारा तीसच्या वर होता. मी कमी लिहिला. बर्फही नव्हता. देवाजींनी काही केलं नाही. आचल माझ्यामुळे गेली."

अंतकलानं हातातला पापड नीट पसरला, कडा सरळ केल्या. मग उठून कुमुदताईंच्या जवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"त्याच्याकडे पाहून जीव तुटला ना तुमचा? मले समजलं होतं. तवापासून जेवत नाही तुमी." तिनं पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. "पण त्याच्यासाठी असं आपल्या अंगावर नका घेऊ, बाई. तुमचं मन लय मोठं हाये. तो त्या लायकीचा नाही."

"अगं, मी खरं सांगतेय."

"खरं मशीननं सांगतलं."

त्या ओरडल्या, रडल्या, आचलची शपथ घेतली. अंतकलानं त्यांना पाणी पाजलं आणि डॉक्टरकडे नेऊ का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच केंद्रावर गेल्या. तन्वीरनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, तुमचं निवेदन शपथेवरचं आहे. त्या दिवसावर पुढचे नऊ दिवस उभे केलेत आम्ही. त्या दिवसांवर तीन गावांचे निवाडे झालेत. आता एक खुंटा उपटायचा तर स्वतंत्र पुरावा हवा. आहे?"

"मी आहे ना. मी लिहिलं, मी सांगतेय."

त्यानं त्यांचं नवं निवेदन यंत्रात भरून दाखवलं. उत्तर लगेच आलं. पहिलं निवेदन उपलब्ध हवेशी जुळतं. दुसरं जुळत नाही. दुसरं निवेदन मृताच्या कुटुंबाशी दीर्घ सहवासातून आलेलं असावं. ग्राह्य नाही.

"पण ती हवा माझ्याच आकड्यावर उभी केलीय! ती माझ्या आकड्याशी जुळणारच!"

"बरोबर आहे," तन्वीर म्हणाला. क्षणभर तो त्यांच्याकडे एकटक पाहत राहिला, आणि त्याला कळलं आहे असं कुमुदताईंना वाटलं. मग त्यानं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली आणि नजर वळवली. "घरी जा, मॅडम. ऊन वाढायच्या आत पोचाल."

त्या घरी गेल्या नाहीत. कुरुडपारच्या बसमध्ये बसल्या.

देवाजी अंगणात निंबाच्या सावलीत दोरी वळत होता. त्यानं लगबगीनं खाट टाकली, तांब्याभर पाणी आणलं. कुमुदताईंनी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं. पारा, साहेबांचा फोन, वही, टाकी. "तुम्ही गोळी नालीतच फेकली होती," त्या म्हणाल्या. "तुमचं खरं होतं. सोळा वर्षं तुमचंच खरं होतं. हवं तर गावासमोर सांगते."

देवाजी शांतपणे ऐकत होता. दोरीचा पीळ सुटू नये म्हणून त्यानं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं.

"तुमी आलात, लय चांगलं वाटलं जी," तो म्हणाला. "पण आता मले आठवलं."

"काय आठवलं?"

"समदं. आधी नालीच दिसे. मंग तिथून आलो अन् रोज याद करत बसलो, तं हळूहळू दिसाले लागलं. पोरगी म्हने, बाबा, छाती धडधडते. मी म्हटलं, हे घे, जोर येते. तिनं हात पुढं केला. डावा हात. मेंदीचा रंग होता नखाले. गोळी गुलाबी होती." त्याचा आवाज अगदी स्थिर होता. "मीच देल्ली जी. तिच्या मायले सांगजा, म्या कबूल केलं मनून."

"देवाजी, असं काही झालं नाही हो. तुम्हाला वाटतंय ते."

"नाही जी. सपष्ट दिसते." त्यानं हातातली दोरी खाली ठेवली. तो कुमुदताईंकडे वळला. "तुमी शिकलेल्या हा, औषधपान्यातलं समजते तुमाले. एक सांगा. मले रातंदिस एकच इचार येते. तिनं चावून खाल्ली ती, पान्यासंगं गिळली नाही. पोरीले कडू लागली असन का जी?"

कुमुदताईंनी तोंड उघडलं. त्याचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले होते. आता याच्याजवळ एवढंच उरलं आहे, आणि हे काढून घेतलं तर त्या जागी ठेवायला आपल्याकडे कोणी मानेल असं काहीच नाही, हे त्यांना दिसलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "गोड असतात त्या गोळ्या. तिला काही कळलं नसेल."

देवाजीनं डोळे मिटून दोन्ही हात जोडले.